पावसाळ्यात जळगावला ब्लॉक कोपॉलिमरची फिल्म करताना

लिथियम बॅटरीचं घन इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन वाहून नेणारा घन थर, करायला बसलात, तर आधी वाळवणं शिका.

पॉलिमर असं घ्या, की एकाच साखळीत अर्धा भाग पॉलिस्टायरिन, अर्धा पॉलिइथिलीन ऑक्साइड. हेच ब्लॉक कोपॉलिमर. दोघांचं पटत नाही, पण बांधलेले असल्याने लांबही जाता येत नाही. म्हणून नॅनोमीटर जाडीचे थर पडतात. पॉलिस्टायरिन फिल्म ताठ धरतं, दुसऱ्या थरातून लिथियम आयन सरकतात.

ऑक्साइडमधल्या दर १२ ऑक्सिजनमागे १ लिथियम धरा. ऑक्साइड वजनाने निम्मं असेल, तर १ ग्रॅम पॉलिमरला ०.२७ ग्रॅम लिथियम टीएफएसआय मीठ लागतं. हे मीठ १२० अंशांवर व्हॅक्यूममध्ये दिवसभर ठेवा. नंतर ते आर्गॉन वायू भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्येच (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत) मोजा. श्रावणात मी बाहेर मोजलं, तर मिनिटाभरात चमच्याला चिकटलं.

तरीही मी फिल्म केली. ३० अंशांवरच वाहकतेचा आकडा इतका छान आला, की लगेच घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी तीच फिल्म रात्रभर व्हॅक्यूममध्ये ठेवून मोजली, तर आकडा दहा पटींहून जास्त खाली! आदल्या दिवशी वीज वाहिली होती ती आत मुरलेल्या पाण्यामुळे. आई बिबडे वाळवताना वरून हात लावून कधी समाधान मानत नाही, मोडून बघते. वरून कोरडं, आतून ओलं, हेच इथेही होतं.

पॉलिमर आणि मीठ कोरड्या टीएचएफ या द्रावकात विरघळवा, टेफ्लॉनच्या ताटलीत ओता, सैल झाकण ठेवा. टीएचएफ पटकन पेट घेतं, जवळ ज्योत नको. सावकाश उडू द्या, घाईने बुडबुडे येतात. मग ९० अंशांवर व्हॅक्यूम, आणि शेवटी १२० वर काही तास. पॉलिस्टायरिन १०० च्या आसपास मऊ पडतं, तेव्हाच थर नीट बसतात.

मोजणी ८० अंशांवर करा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, तरी ते पुरत नाही. शुद्ध ऑक्साइडचे स्फटिक साधारण ६५ ला वितळतात, आणि ते वितळले की आयन मोकळे सरकतात. फिल्म दोन स्टीलच्या चकत्यांमध्ये दाबा, इम्पिडन्सवरून (उलटसुलट विजेला होणाऱ्या विरोधावरून) रोध काढा. जाडी ०.०१ सेंमी, क्षेत्रफळ १ चौ. सेंमी, रोध ५० ओहम असेल, तर वाहकता सेंटिमीटरला २ × १०⁻⁴ सीमेन्स.

आकडा वहीत लिहिण्याआधी तीच फिल्म पुन्हा व्हॅक्यूममध्ये टाका आणि परत मोजा. घसरला, तर अजून वाळवा.