पिशवी, शेजारीण आणि १८१ : बडोद्यात मारहाणीच्या घरातून बाहेर पडण्याची तयारी

घर सोडायचं मनात पक्कं झालं की पहिली चूक होते ती बोलून दाखवण्याची. "आता मी इथं राहणार नाही" हे भांडणात तोंडून निघून जातं. आपला ताबा सुटतोय हे मारणाऱ्याला तेव्हा कळतं, आणि पुढचे दिवस सगळ्यात धोक्याचे ठरतात. म्हणून तयारी अशी करा की घरात कुणाला रोजच्यापेक्षा वेगळं काही दिसू नये.

सुरुवात फोनपासून. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. तिथे आपण न जोडलेला कॉम्प्युटर दिसला, तर तुमचे मेसेज दुसरीकडे वाचले जातायत. गूगल मॅप्समधलं 'लोकेशन शेअरिंग'ही पाहा. सापडलं म्हणून तडकाफडकी बंद करू नका, ते त्याला कळतं. त्या फोनवर नेहमीचंच बोलत राहा, तयारीचे फोन दुसऱ्या कुणाच्या फोनवरून करा. आपल्याच फोनवरून १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर लावला असेल, तर यादीतून तेवढा एकच नंबर काढा. सगळी यादी कोरी दिसली की संशय येतो. आधारला त्याचा मोबाइल नंबर जोडलेला असेल, तर प्रत्येक ओटीपी त्याच्या हातात जातो. आधार केंद्रावर नंबर बदलायला कागदपत्रं लागत नाहीत, बोटांच्या ठशांवर काम होतं. मात्र हे काम निघायच्या ऐन तोंडावर करा. पैशासाठी खातं त्याच्या बँकेत नको, दुसऱ्या बँकेत काढा, आणि मेसेज कुठल्या नंबरवर येणार ते फॉर्म भरतानाच बघा.

आता पिशवी. एका कडेवर मूल घेऊन जिना उतरता येईल एवढीच. रोजच्या भाजीची किंवा मुलाच्या क्लासची असेल तर उत्तम, सुटकेस नको. त्यात सात दिवसांची औषधं, सुट्ट्या नोटा, घराची जादा किल्ली आणि मुलांचे जन्मदाखले. पासबुक, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला, दवाखान्याचे कागद यांचे आधी फोटो काढून विश्वासातल्या माणसाला पाठवा, मग आपल्या फोनमधून पुसा. 'रीसायकल बिन'मधूनही पुसा, इथं हटकून चूक होते. मूळ कागद एकदम उचलले तर कपाट रिकामं दिसतं. एकेक न्या, आणि जागी झेरॉक्स ठेवा. दागिन्यांची यादी करा आणि अंगावर दागिने असलेले लग्नातले फोटो जपून ठेवा. स्त्रीधन परत मागताना नेमकं तेच विचारलं जातं. पिशवी माहेरी ठेवू नका, तो शोधायला आधी तिथंच जातो.

शेजारणीशी एक साधं वाक्य ठरवा. "काकू, भाजणी आहे का थोडी?" एवढं पुरे. वाक्य असं हवं की त्याच्यासमोरही म्हणता येईल. काकूंनी काय करायचं तेही आधीच ठरलेलं असू द्या : दार वाजवून विचारपूस करायची नाही, आपल्या घरात जाऊन पोलिसांचा ११२ लावायचा. मजला, सोसायटीचं नाव, जवळची खूण हे सगळं कागदावर लिहून त्यांच्या फ्रिजवर लावलेलं असावं. घाबरलेल्या माणसाला रोजचा पत्ताही आठवत नाही. मुलांना एवढंच शिकवा : मध्ये पडायचं नाही, काकूंकडे पळायचं.

भांडण चढायला लागलं की स्वयंपाकघर आणि बाथरूम टाळा. एकात सुऱ्या आणि गॅस, दुसऱ्यात बाहेर पडायला दुसरं दार नाही. पाठ दाराकडे ठेवून सरका. वाड्यात जिना एकच असेल, तर त्याच्या वरच्या पायरीवर कधी उभं राहू नका.

त्याने गळा दाबला असेल, एकदाच आणि काही सेकंद का असेना, तर ही फार मोठ्या धोक्याची खूण आहे. वळ दिसत नसले तरी आत सूज येऊ शकते. आवाज बसला, गिळताना दुखलं, चक्कर आली, तर त्याच दिवशी सयाजी हॉस्पिटल गाठा. "पडले" म्हणू नका. कुणी, कशाने, कुठे मारलं ते सांगा आणि एमएलसी, म्हणजे मारहाणीची पोलिसांसाठीची दवाखान्यातली नोंद, करून घ्या.

गुजरातमध्ये १८१ म्हणजे 'अभयम'. चोवीस तास, मोफत. गाडीसोबत समुपदेशक आणि महिला पोलीस येते. जागेवरच समजुतीचा प्रयत्न होतो, त्यामुळे काय हवं ते पहिल्या वाक्यात सांगा : "मारे समाधान नथी करवुं, अहींथी नीकळवुं छे." (मला समझोता करायचा नाही, इथून निघायचंय.) अशा बायकांसाठीच्या सरकारी 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण पाच दिवस राहता येतं. मुलगा मोठा असेल तर त्याला घेतील का ते आधी विचारा. वयाची मर्यादा असते.

महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेल्या बायकांची इथं एक खास अडचण होते. पोलिसांत तक्रार गुजरातीत लिहिली जाते आणि ती लिपी वाचता येत नाही. "वांची संभळावो" (वाचून दाखवा) म्हणा, पूर्ण ऐका, तारखा तपासा, मगच सही करा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

पोलीस केस करायची नसली तरी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा वापरता येतो. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून मॅजिस्ट्रेटकडे देतात. अर्ज बडोद्यातच करायला हवा असं नाही, नाशिकला आसरा घेतला असेल तर तिथेही चालतो. वकील परवडत नसेल तर १५१०० हा मोफत कायदेशीर मदतीचा नंबर लावा. स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. "घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुझा काय हक्क?" या टोमण्याने पुष्कळ जणी गप्प बसतात. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येच सांगितलंय, सासरच्या माणसाच्या मालकीचं घरही 'सामायिक घर' असू शकतं. तिथे राहण्याचा आदेश मागता येतो, त्याला घराबाहेर ठेवण्याचाही. तातडी असेल तर त्याला न ऐकताच अंतरिम आदेश मिळू शकतो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आदेशाची प्रत मोफत मिळते. तिच्या झेरॉक्स काढून एक पर्समध्ये, एक नव्या घराजवळच्या पोलीस ठाण्यात, एक मुलांच्या शाळेत द्या. शाळेत लेखी सांगा की मुलांना कोण नेणार, आणि नेणाऱ्याचा फोटोही द्या. रिक्षाकाका तोच ठेवलात, तर नवा पत्ता त्यांच्याकडूनच फुटतो.