लिफ्ट केलेली (सस्पेन्शन उंच केलेली) पिकअप पुढून उडतेय? शॉकअप बदलायच्या आधी हे बघा

विजापूर रोडला ६०-७० च्या स्पीडला पुढून गाडी उड्या मारायला लागली की लगेच खर्चात पडू नका.

१. पुढच्या रिमच्या आतून हात फिरवा. आपल्याकडची काळी माती तिथं वाळून बसते अन् बॅलन्सिंगची पार वाट लागते, माझ्या गाडीत मूठभर ढेकूळ निघालं.

२. तरी उडतेय तर पुढची चाकं मागं टाका. उडी मागं गेली म्हणजे टायर नाहीतर रिम.

३. पुढंच राहिली तर शॉकअपच्या उघड्या दांड्याला केबल टाय बांधून खड्ड्यातून एक चक्कर मारा, टाय पार टोकाला सरकला म्हणजे शॉकअप पूर्ण दबून आपटतोय, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबायच्या आधी चाकाची उडी अडवणारे रबरी ठोकळे) वाढवायला लागतील.

नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावाच.