आरव्ही घेऊन फिरायला निघताय? निदान या चुका टाळा

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेतली की आपल्या मंडळींना वाटतं, आता सगळीकडे हीच न्यायची. फ्रिज बरोबर, संडास बरोबर, मग खाली उतरायचंच कशाला? एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना हे ठीक आहे. पण ज्या दिवशी नुसतं फिरायचं आहे, त्या दिवशी बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघणं हीच सगळ्यात मोठी चूक. आरव्ही कॅम्पग्राउंडवर वीज-पाणी जोडून उभी ठेवा आणि छोटी गाडी घ्या. मागे ओढून आणली असेल तर उत्तम, नसेल तर एका दिवसापुरती भाड्याची. हे सांगून सांगून मी थकले. उत्तर ठरलेलं: ‘एका दिवसासाठी कशाला आणखी पैसे?’

साउथ डकोटातल्या कस्टर स्टेट पार्कमधली गोष्ट सांगते. आमच्या ओळखीचं एक निवृत्त जोडपं, वयाने मोठे म्हणून आम्ही त्यांना दादा-वहिनी म्हणतो, न्यू जर्सीहून आरव्ही घेऊन निघालं होतं. आम्ही दोघं आमच्या गाडीने तिथे त्यांना गाठलं. ‘उद्या आमच्याबरोबर चला, मागची सीट रिकामीच आहे,’ असं आदल्या रात्री सांगून झालं. पण दादांच्या आरव्हीत चहा होत होता. त्यापुढे आमची गाडी काय टिकणार!

बेत होता नीडल्स हायवेचा. १४ मैलांचा हा रस्ता १९२२ मध्ये पूर्ण झाला. साउथ डकोटाचे गव्हर्नर राहिलेल्या पीटर नॉर्बेक यांनी पायी आणि घोड्यावरून हिंडून तो आखला, तोही घाई असलेल्या माणसासाठी नव्हे. सुळक्यांमधून वळणं घेत जाणाऱ्या या रस्त्यावर नीडल्स आय नावाचा बोगदा आहे. रुंदी ८ फूट, उंची ९ फूट ९ इंच. हे आकडे पार्कच्या नकाशावर छापलेले असतात. दादांनी नकाशा घेतला होता. त्याच्यावर चहाचा कप ठेवला होता.

सिल्व्हन लेकपर्यंत सगळं छान. त्यापुढे बोगद्याच्या तोंडाशी आरव्ही थांबली. मागे आम्ही, आमच्यामागे मोटारसायकलींची रांग, कारण ऑगस्ट महिना होता आणि जवळच्या स्टर्जिसला १९३८ पासून चालत आलेला मोटारसायकलवाल्यांचा मेळा भरला होता. दादा म्हणाले, ‘बसेल.’ वहिनींनी शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि खाली उतरल्या. साठ इंचांची टेप. एकदा पूर्ण लावली, बोटाने दगडावर खूण धरली, पुन्हा लावली. ‘अहो, साठ आणि छत्तीस. शहाण्णव!’

‘आणि आपली?’

आपली शंभर होती. डॅशबोर्डवरच्या स्टिकरवर लिहिलेलं होतं, उंची अकरा फुटांच्या वर हेही त्याच स्टिकरवर. दादांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, ‘आरसे मिटले तर?’

माझा नवरा आमच्या गाडीत चिवडा खात बसला होता. त्याला ठसका लागला.

मग रिव्हर्स. इथे दुसरी चूक सुरू होते आणि ती घरोघरी होते. वहिनी मागे उभ्या राहून ‘डावीकडे घ्या’ म्हणाल्या. ‘कोणाच्या डावीकडे?’ दादा ओरडले. ‘तुमच्या हो!’ ‘मग उजवा हात काय दाखवतेस?’ शेवटी एका दाढीवाल्या मोटारसायकलवाल्याने रांग मागे सरकवली, दोन्ही हात वर धरले आणि एक शब्द न बोलता अठ्ठावीस फुटांची गाडी मागच्या मोकळ्या जागेत लावून दिली. वहिनींनी त्याला चकली दिली. दादांनी दिवसभर अबोला धरला.

माझी सवय सांगते. डावं-उजवं हे शब्दच वापरायचे नाहीत. ‘ड्रायव्हरची बाजू’ आणि ‘दाराची बाजू’ एवढंच. मागचा माणूस आरशात दिसेनासा झाला की ब्रेक, बाकी काही नाही. एसटीच्या कंडक्टरसारखं ‘येऊ द्या, येऊ द्या’ करायला हरकत नाही, पण ‘थांबा’ वेळेवर आलं पाहिजे. आणि हे सगळं आधी रिकाम्या पार्किंगमध्ये करून बघा. अर्ध्या तासाचं काम, पण नवख्यांना तेवढाही धीर नसतो.

फोनवरचा साधा नकाशा आरव्हीची उंची-रुंदी धरत नाही. गाडीची मापं भरता येतात असं नॅव्हिगेशन घ्या आणि त्याच्यावरही डोळे मिटून विसंबू नका. मोंटानातल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगरी भागात तर २१ फुटांहून लांब गाडीला बंदीच आहे. भाड्याच्या आरव्हीच्या विम्यात छताचं नुकसान बऱ्याचदा धरलेलं नसतं, करार वाचा.

एका दिवसात नीडल्स, रशमोर, बॅडलँड्स आणि वॉल ड्रग या दुकानातलं फुकट बर्फाचं पाणी? नको. कस्टरचा वाइल्डलाइफ लूप १८ मैलांचाच आहे, पण बायसन, म्हणजे तिथले रानरेडे, रस्त्यात उभे राहिले की हॉर्न वाजवून काही होत नाही. ते हटतील तेव्हा हटतील. उतरून फोटो काढायला जाणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही.

मोहरीची फोडणी आत केलीत की धुराचा अलार्म वाजणारच. त्याची बॅटरी काढून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. तसं करू नका, फोडणी बाहेर पिकनिक टेबलावर द्या.

तीस अँपिअरच्या जोडणीवर एसी, मायक्रोवेव्ह आणि विजेची किटली एकदम लावू नका. १२० व्होल्टला सगळे मिळून ३,६०० वॉट मिळतात. आधी चहा, मग गारवा.

आणि ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची टाकी. त्याचा व्हॉल्व्ह कॅम्पवर कायम उघडा ठेवला की पाणी निघून जातं आणि बाकीचं आतच बसतं. टँक भरत आला की आधी ब्लॅक सोडायचा, नंतर ग्रे (आंघोळीच्या, भांड्यांच्या पाण्याचा), म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. हातमोजे घाला. नवऱ्यावर सोपवलं असेल तर त्याने घातलेत का, हे खिडकीतून बघा.