कालचे सोबती, आज तुमच्या हाताखाली: नव्या सुपरवायझरने सुरुवात कशी करावी

गोव्यात कुंडई, मडकई किंवा वेर्ण्याच्या कारखान्यात ज्या लाईनवर तुम्ही ऑपरेटर होता, त्याच लाईनचे सुपरवायझर झालात. पेढे जरूर वाटा. भाषण मात्र करू नका, ते कोणी ऐकत नाही.

आधी आपले अधिकार विचारून घ्या

किती दिवसांची रजा तुम्ही स्वतः मंजूर करू शकता? ओव्हरटाइमला कोणाची सही लागते? बिघाड दिसला तर लाईन थांबवायची मुभा आहे का? उत्तरं मॅनेजरकडून ईमेलवर घ्या. तुम्ही 'हो' म्हणायचं आणि एचआरने 'नाही', असं एकदा झालं की तुमच्या शब्दाला किंमत उरत नाही.

मग एकेकाशी बोला

कॅन्टीनमध्ये चारचौघांत नको. बाजूला दहा मिनिटं पुरतात. ज्याला हीच जागा हवी होती, त्याच्यापासून सुरुवात करा. 'तुलाही ही जागा हवी होती, ठाऊक आहे मला. नव्या पोरांना मशीन शिकवायचं काम तू घेशील का?' एवढं सरळ विचारा. माफी मागू नका, उगाच गोंजारूही नका. वयाने मोठ्या कामगाराला काल ज्या नावाने हाक मारत होता, तीच आजही मारा.

पाळी मशीनजवळ सोपवा

पाळी संपताना सगळ्यांचं लक्ष बसकडे असतं, आणि रजिस्टरमध्ये 'सर्व ठीक' लिहून माणसं सुटतात. त्याऐवजी असं लिहून घ्या: 'दोन नंबरच्या पॅकिंग मशीनचा सेन्सर अधूनमधून रिकामी पट्टी सोडतो. मेंटेनन्सला 1 वाजता कळवलं, अजून कोणी आलेलं नाही.' पुढच्या पाळीच्या माणसाला ते मशीन दाखवूनच निघायचं. लाईनवर कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड सगळंच चालतं, म्हणून सांगितलेलं समोरच्याकडून एकदा वदवून घ्या.

खरी परीक्षा चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची

माझ्या मते सुपरवायझरची पत ठरते ती इथेच. निम्मी लाईन एकाच आठवड्यात रजा मागते, आणि तोंड बघून रजा दिल्याचं वर्षभर कोणी विसरत नाही. दोन महिने आधी एक तक्ता भिंतीवर लावा: नाव, गाव, घरचा गणपती किती दिवसांचा, गेल्या चवथीला कामावर कोण होतं. गेल्या वर्षी थांबलेल्याला यंदा पहिला मान. दीड दिवसाचा गणपती असलेल्याला तिसऱ्या दिवशी येता येईल का, हे त्यालाच विचारा, गृहीत धरू नका. तेच ख्रिश्चन सहकाऱ्यांचं. ते चवथीला सांभाळून घेतात, पण विचारल्यावर. नाताळची यादी करताना ही परतफेड आठवणीने करा. थांबणाऱ्यांचा ओव्हरटाइम दुप्पट दराने धरला आहे ना, हे पगाराआधी तपासा. यादीत स्वतःचं नाव मात्र शेवटी घाला.

आपसात मिटवायचं नाही असं एक

लैंगिक छळाची तक्रार कानावर आली तर मध्यस्थी करू नका. 2013च्या कायद्यानुसार 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते. लेखी तक्रारीची मुदत साधारण 3 महिन्यांची आहे. तक्रार करणारीला समितीचा रस्ता त्याच दिवशी सांगा, आणि लाईनवर त्याची चर्चा होऊ देऊ नका.

महिना झाला की पाळीचं रजिस्टर घेऊन मॅनेजरसमोर बसा. जो बिघाड तीनदा लिहिला गेलाय, त्याची दुरुस्ती कधी होणार, याची तारीख घेऊनच उठा.