उपरोधिक किस्सा कसा रचावा: हुंड्याच्या यादीचं उदाहरण

किश्श्यासाठी एकच चूक निवडा. हुंडा, मानपान, डीजे आणि कर्ज काढून घातलेलं जेवण एकत्र कोंबलं की ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. निवडलेल्या चुकीला नावं ठेवू नका, तिचं कौतुक करा. शब्द स्तुतीचे आणि तपशील उलटे, यातूनच उपरोध उभा राहतो.

आप्पा फार साधा माणूस. म्हणाले, "आम्हाला काही नको. तुमच्या मुलीसाठी जे द्याल ते." मग मुलीसाठी मोटारसायकल लिहिली, मुलाच्या आवडत्या रंगाची. मुलीसाठी मुलाला पाच तोळ्यांचा गोफ लिहिला, तोही जळगावच्या सराफाकडचा, कारण मुलीला शुद्ध सोनं आवडतं. ओट्यावरची आजी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली,
"आप्पा, यादीमा पोरगी लिखानी ऱ्हायनी."

इथे 'साधा' आणि 'मुलीसाठी' हे दोनच शब्द सगळं काम करतात. 'लोभी' हा शब्द एकदा जरी आला तरी ऐकणारा स्वतः निष्कर्ष काढायचं सोडून देतो. मागण्या खऱ्या घडतात तेवढ्याच ठेवा. मोटारसायकलऐवजी विमान लिहिलंत तर हशा मोठा होईल, पण समोर बसलेला वरबाप "आपण कुठे विमान मागितलं?" म्हणून सुटेल.

अहिराणी, म्हणजे आजीच्या तोंडची ही खानदेशी बोली, कोणाच्या तोंडी द्यायची, हे फार महत्त्वाचं आहे. ती शहाण्या माणसाला द्या. आप्पा अहिराणीत आणि बाकीचे प्रमाण मराठीत बोलले तर लोक हुंड्याला सोडून बोलीलाच हसतात, आणि शाळेत जाणारी पोरं घरची भाषा लपवायला लागतात. तमाशातला सोंगाड्याही राजाला टोचणारा प्रश्न साध्या बोलीतच विचारतो.

'म्हणाली' हे क्रियापद आजीच्या वाक्याआधी आलं पाहिजे. नंतर आलं तर टोचणारं वाक्य शेवटचं राहत नाही. तोंडी सांगताना तिथे दोन श्वास थांबा. पुढे "म्हणून हुंडा घेऊ नये" जोडू नका. १९६१ च्या कायद्याने हुंडा घेणं, देणं, मागणं तिन्ही गुन्हे आहेत, हे सांगायचंच असेल तर हशा ओसरल्यावर वेगळं आणि सरळ सांगा.

नेम मागणाऱ्यावरच धरा. तोच किस्सा कर्जबाजारी वधूपित्यावर रचला तर ती लाचारीची चेष्टा होते. आडनाव, जात, गाव गाळा, नाहीतर सगळे घर शोधत बसतात.

साखरपुड्याच्या मांडवात मात्र हा किस्सा मुळीच सांगू नका. त्याचा राग नवरीला सासरी सोसावा लागतो. श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाला, भाऊबंद जमतात, लग्नसराई अजून लांब असते आणि यादी कुणी लिहायला घेतलेली नसते, तेव्हा सांगा.