ती म्हणाली "मला ठेवायचं नाहीये", आता तुम्ही काय करायचं

आधी गप्प बसा. खरंच, पहिली स्टेप हीच. माझ्या मामेबहिणीने शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मला "ताई, दिवस गेलेत, मला ठेवायचं नाहीये" सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं "अगं पण असं कसं झालं?" आणि त्यानंतर पाच मिनिटं ती नुसती ग्राउंडवरची क्रिकेट प्रॅक्टिस बघत बसली. असं कसं होतं ते दोघींनाही माहीत होतं.

घरी हा विषय काढू नका, आपल्या वन रूम किचनमध्ये कुकर उघडला तरी शेजारी कळतं आज काय शिजलंय. कट्टा, चौपाटी, दुपारचा रिकामा लेडीज डबा, काहीही चालेल.

मग आठवडे मोजा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं, संबंध आले त्या दिवसापासून नाही, म्हणून "जेमतेम महिना झालाय" म्हणणारी बऱ्याचदा सहाव्या आठवड्यात असते. ९ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात होऊ शकतो, पण डॉक्टरकडूनच, केमिस्टकडून परस्पर आणू नका, कारण गर्भ पिशवीत न राहता नळीत असेल तर त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि नळी फुटली तर जिवावर बेतू शकतं. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये दोन डॉक्टर लागतात आणि तेही गर्भपाताच्या कायद्यात सांगितलेल्या ठराविक परिस्थितीतच. (आय-पिल म्हणजे हे नव्हे हो, ती संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, पाळी चुकल्यावर घेऊन काही होत नाही.)

सही फक्त तिची, १८ पूर्ण असतील तर. नवऱ्याची सही कायद्यात कुठेच नाहीये. तरी आम्हाला काउंटरवर "मिस्टर कुठायत?" विचारलंच, म्हणून हे पाठ करून जा. लग्न झालेलं नसलं तरी चालतं, २०२१ च्या दुरुस्तीत कायद्याच्या भाषेतला "नवरा" जाऊन "पार्टनर" आलं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने २४ आठवड्यांच्या नियमातही लग्न झालेली-न झालेली असा भेद करता येणार नाही सांगितलं. पैशांची अडचण असेल तर मुंबईत महापालिकेची केईएम, सायन, नायर हॉस्पिटलं आहेत, रांग असते पण होतं.

आता तुमचं स्वतःचं मत. मला हे सोपं नव्हतं, आमची आजी म्हणायची पोटातला जीव तो जीवच, आणि ते माझ्यात कुठेतरी आहेच, आदल्या रात्री मी झोपले नाही. पण १९७१ चा हा गर्भपाताचा कायदा नीट बघितला तर तो बाईला सरळ "तुझा हक्क" असं म्हणतच नाही, तो डॉक्टरला पटलं तर परवानगी देतो. म्हणजे तिला अनोळखी माणसाला कारण सांगायचंच आहे. त्यात मी अजून एक परीक्षक कशाला होऊ? माझी झोप उडाली तो माझा प्रश्न, तो तिच्या पर्समध्ये टाकायचा नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये याच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, आणि आपण अजून "पिशवी साफ केली" असं कुजबुजत बोलतो.

एक प्रश्न मात्र विचारायचा, एकटीला गाठून: हे तुझं ठरलंय की कोणी ठरवलंय? कारण तेच वाक्य, "ठेवायचं नाहीये", माझ्या ओळखीतली एक जण बोलली होती आणि खोदून विचारल्यावर निघालं की पहिली मुलगी आहे आणि सासरच्यांनी कुठूनतरी दुसरीही मुलगीच असल्याचं काढलंय. तिथे मी गप्प बसले नाही. पण ओरडायचं कोणावर ते कळलं पाहिजे, लिंगनिदानाचा कायदासुद्धा उलटं सिद्ध होईपर्यंत असंच धरतो की बाईला घरच्यांनी भाग पाडलं. आणि उलटं पण असतं हां, हिला ठेवायचंय आणि बॉयफ्रेंड रोज फोन करून मागे लागलाय. प्रश्न तोच.

त्या दिवशी आधार कार्ड, पॅड्स, बिस्किटं, एक ओढणी जास्तीची. येताना टॅक्सी, लोकल नाही. घरी आल्यावर तासाला दोन मोठी पॅड्स भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, किंवा ताप चढला, तर सकाळची वाट बघू नका, तडक हॉस्पिटल.

नंतर "बरं वाटतंय ना आता?" असं सारखं विचारू नका, कोणी रडतं, कोणी दुसऱ्या दिवशी कामावर जातं. माझी बहीण टॅक्सीत झोपली. आठवड्याने तिचा फोन आला तो बॉसला शिव्या घालायला, पाऊण तास, आणि मी मध्ये मध्ये फक्त "हो ना" म्हणत होते.