ओलिनालाची जुनी संदूक: साफसफाईच्या नादात या चुका टाळा

मेक्सिकोच्या गेरेरो राज्यात ओलिनाला नावाचं गाव आहे. तिथल्या हाताने रंगवलेल्या पेट्या, संदुका, तबकं जगभरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात फिरत असतात. अशा संदुकीची सगळ्यात जास्त वाट लावतो तो नव्या मालकाचा उत्साह.

सुरुवात ओल्या फडक्याने होते. तो रंग डब्यातला ऑइल पेंट नसतो. चियाच्या बियांचं तेल (हो, वजन कमी करायला पाण्यात भिजवतात तोच चिया) आणि दळलेली खनिज माती यांचे थर देऊन, गुळगुळीत दगडाने घोटून ती चकाकी आणलेली असते. थराला बारीक तडा असला की पाणी आत शिरतं, लाकूड फुगतं आणि पोपडे सुटतात. स्प्रेवालं क्लीनर तर नकोच. मऊ कोरडा ब्रश पुरे. पोपडे उचलले असतील तर तोही बाजूला ठेवा आणि जाणकार संवर्धकाला गाठा.

दुसरी चूक मला जास्त खटकते: ‘जरा फिकी वाटते’ म्हणून वरून वॉर्निश मारणं. ओलिनालाच्या ‘रायादो’ पद्धतीत एका रंगाच्या वाळलेल्या थरावर दुसरा रंग चढवतात. तो ओलसर असतानाच पिसाच्या टोकाला बसवलेल्या काट्याने नक्षीची रेघ ओढतात, नको तिथला वरचा रंग खरवडतात आणि त्याच पिसाने भुकटी झटकतात. म्हणून ससा, पक्षी, फुलं किंचित वर उठलेली असतात, कोरडं बोट फिरवलं की कळतं. वॉर्निशने हे खाचखळगे बुजतात, पुढे ते पिवळं पडतं आणि काढायला गेलात तर नक्षीही सोबत येते.

पण बोटाला उठाव लागला नाही म्हणून लगेच नकली ठरवू नका. ओलिनालाच्याच ‘दोरादो’ पद्धतीचं काम ब्रशने रंगवलेलं असतं आणि मिचोआकान राज्यातल्या उरुआपानला कोरलेल्या खाचांत रंग भरून पृष्ठभाग सपाट करतात.

वासावरही भुलू नका. या पेट्यांना वापरतात ते लिनालोए लाकूड सुगंधी खरं, पण साध्या पाइनला त्याचं तेल चोपडूनही तो वास आणता येतो. त्यापेक्षा झिजेकडे बघा. खरी झीज कुलपाभोवती, झाकणाच्या कडेला, तळाच्या कोपऱ्यांवर असते. चहूकडे सारखीच झीज दिसली तर ती सॅंडपेपरची. फुलीच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू 1930 च्या दशकातला किंवा त्यानंतरचा, पण एकटा स्क्रू नंतरच्या दुरुस्तीचाही असू शकतो.

खाली भुसा पडतोय? किडीने पाडलेल्या छिद्रांत रॉकेल सोडू नका, रंगावर डाग उठतात. संदूक बाकी फर्निचरपासून लांब न्या, खालचा भुसा झाडा, काळा कागद अंथरा आणि काही महिने नजर ठेवा. नवा भुसा दिसला तर कीड जिवंत असण्याची शक्यता धरा आणि संवर्धकाकडून ऑक्सिजनविरहित आवरणातला उपचार करून घ्या. काहीच पडलं नाही, तर छिद्रं तशीच राहू द्या.